गुलाल पुसू नका, आधी झाडा

जोतिबाच्या डोंगरावरून गाडी खाली आली की डॅशबोर्डच्या स्क्रीनवर गुलालाचा थर असतोच. तो ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका. पाणी लागलं की रंग कडेच्या फटीत उतरतो, आणि गुलालात मिसळलेली बारीक धूळ घासली की चरे पडतात. स्क्रीन बंद करून, थंड होऊ देऊन, मऊ ब्रशनं आधी कोरडंच झाडून घ्या. उसाच्या हंगामात रस्त्यावरची धूळ बसते, तिलाही हेच लागू.

मग मायक्रोफायबरचं स्वच्छ कापड. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. बोटांचे तेलकट ठसे राहिलेच तर कापडाचं टोक डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओलसर करा. हे पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त लेबल वाचून घ्या, तिथं बॅटरीचं अ‍ॅसिडही विकायला असतं! नळाचं पाणी सुकलं की क्षारांचे डाग राहतात.

लॅपटॉपलाही हीच रीत. चार्जर काढा, पूर्ण बंद करा, झाकणाला मागून हाताचा आधार द्या आणि हलक्या हातानं पुसा. पाणी थेट स्क्रीनवर कधीच फवारू नये, ओघळ खालच्या कडेतून आत जातो.

घरातला काच पुसायचा स्प्रे मात्र लांबच ठेवा. त्यात अमोनिया असला तर चकाकी कमी करणारा लेप खराब होतो. टिश्यू पेपर, वर्तमानपत्रही नको. आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली, तर डॅशबोर्डचं पॉलिश स्क्रीनला लावू नका म्हणून आधीच सांगा.