सर म्हणाले सोमवारी बातमी घेऊन या, पण बातमी आणायची कुठून?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला हे सगळ्यांना ऐकावं लागतं. शुक्रवारी लेक्चर संपताना सर सांगतात की सोमवारी प्रत्येकाने एक बातमी आणायची, आणि सोमवारी वर्गातली निम्मीअधिक पोरं रक्तदान शिबिर, वृक्षारोपण नाहीतर कॉलेजातलंच कुठलं तरी व्याख्यान घेऊन येतात. मी पण तेच केलेलं. दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रास्ताविक कोणाचं, सूत्रसंचालन कोणाचं, आभार कोणी मानले, सगळं नीट लिहिलं, सोळा नावं होती त्यात. सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "ही सोळा माणसं सोडून अजून कोण वाचणार हे?"

६ जानेवारीला तर अजून मजा. १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं म्हणून आपल्याकडे तो पत्रकार दिन, आणि त्या दिवशी पत्रकारितेचे विद्यार्थी काय करतात तर पत्रकार दिनाच्या कार्यक्रमाची बातमी लिहितात. असो.

तर सुरुवातीला कार्यक्रमांच्या मागे लागू नका. जिथे तुम्हाला बोलावलंय तिथे काय छापून यावं हे बोलावणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं, प्रेसनोट तयार असते, फोटो पण तेच व्हॉट्सॲपवर पाठवतात. जायचंच असेल तर वृक्षारोपणाला जा आणि मंत्रीमहोदयांच्या हातातल्या रोपाकडे न बघता गेल्या वर्षी त्याच टेकडीवर लावलेली झाडं मोजा, किती जगली, किती नुसतेच खड्डे उरलेत. ही झाली बातमी.

त्यापेक्षा एकच एरिया पकडा, चालत वीस मिनिटांत संपेल एवढाच. दोन आठवडे रोज तिथे जा पण वेगवेगळ्या वेळी, सकाळी सहाला पेपर टाकणारी पोरं आणि झाडलोट करणाऱ्या बायका भेटतात, दुपारी रिक्षा स्टँडवर बसून बसून कंटाळलेले रिक्षावाले असतात ज्यांना गावातलं सगळं माहिती असतं, रात्री दहाला मेडिकलवाला मोकळा असतो. लगेच मुलाखत घ्यायला जाऊ नका, आधी चेहरा ओळखीचा होऊ द्या. वहीत तीन प्रकारच्या नोंदी करायच्या: काल होतं ते आज नाही, काल नव्हतं ते आज आहे, आणि पाटीवर एक लिहिलंय पण चाललंय भलतंच. माझ्या अनुभवाने तिसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त सापडतं.

माझी पहिली खरी बातमी त्यातलीच. मंडईजवळ एक सार्वजनिक शौचालय होतं, भिंतीवर ठळक पाटी, 'महिलांसाठी मूत्रालय मोफत', आणि दारातच टेबल टाकून एक मावशी बसलेल्या, येणाऱ्या प्रत्येक बाईकडून पाच रुपये घ्यायच्या. मी मुलगा असल्यामुळे रोज तिथून जाऊनही मला हे कधी कळलं नाही, वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, आणि वर ती म्हणाली यात कसली बातमी, हे तर सगळ्यांनाच माहितीये. हे वाक्य कोणी बोललं की तिथेच थांबा. सगळ्यांना माहितीये पण छापून कुठेच आलेलं नाही असं बऱ्याचदा असतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मुंबईत 'राइट टू पी' वाल्या कार्यकर्त्या २०११ पासून अगदी याच प्रश्नावर बोलतायत, म्हणजे विषय जुना आहे पण आमच्या मंडईजवळचं शौचालय कोणी बघितलं नव्हतं. विषय नवा नसला तरी चालतो, जागा आणि पुरावा तुमचा पाहिजे.

मग एका शनिवारी सकाळी ९ ते १० आम्ही दोघं समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि नुसतं मोजलं. तासाभरात ३८ बायका आल्या, ३५ जणींनी पैसे दिले, दोघी पाटी दाखवून भांडल्या आणि फुकट आत गेल्या, एक तशीच परत गेली. म्हणजे तासाला १७५ रुपये. आता इथे मोह होतो की याला बारा तासांनी गुणावं आणि दिवसाला दोन हजारांची लूट असं हेडिंग द्यावं. असं करू नका!! शनिवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, मंगळवारी दुपारी तिथे कुत्रं पण नसतं. जेवढं मोजलं तेवढंच लिहायचं, कोणत्या दिवशी आणि किती वाजता मोजलं ते पण लिहायचं.

इथपर्यंत माझ्या डोक्यात बातमी 'मावशी लुटतात' अशीच होती, लिहून पण टाकली असती, पण सर म्हणाले त्या बाईशी बोललास का. नव्हतो बोललो. गेलो, स्टूल ओढून बसलो, आणि पैसे का घेता असं न विचारता पगार किती मिळतो असं विचारलं. मावशी हसल्या. म्हणाल्या पगार कसला, ठेकेदार म्हणतो जमतील ते तुझे, फिनाइल पण त्यातूनच आणायचं. झालं, बातमी उलटी फिरली.

आता कागद. नवीन पोरांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते तर सरकारी ऑफिसात जायची, आणि खरं सांगतो तिथे कोणी खात नाही, फार तर "साहेब मीटिंगला गेलेत" एवढंच ऐकायला मिळतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढलंय की जिल्ह्यातली सरकारी कार्यालयं, पालिका-महापालिका यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना कागदपत्रं बघू द्यावीत. बऱ्याच टेबलांवर ते परिपत्रकच माहिती नसतं म्हणून त्याची प्रिंट खिशात ठेवा आणि भांडू नका, नम्रपणे पुढे करा. मी दोन सोमवार खेटे घातल्यावर तिसऱ्या सोमवारी करारनामा बघायला मिळाला. त्यात स्पष्ट लिहिलेलं, महिलांकडून मूत्रालयाचे पैसे घ्यायचे नाहीत आणि कर्मचाऱ्याला किमान वेतन द्यायचं, आणि या देखभालीसाठी पालिका ठेकेदाराला दरमहा पैसे देत होती.

कागद बघायला मिळाला नाही तर माहिती अधिकार आहेच, २००५ चा कायदा. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत आटपायचं, का मागताय हे सांगायची गरज नाही, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे आणि आलं नाही तर पहिलं अपील. पोरं अर्जात प्रश्न विचारतात, 'शौचालयाची दुरवस्था का झाली आहे?' वगैरे. याला उत्तर येतं 'माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही' आणि तुमचा महिना जातो. 'का' विचारायचंच नाही, प्रत मागायची. अमुक ठेक्याच्या करारनाम्याची प्रत, गेल्या बारा महिन्यांची बिलं, तपासणीचे अहवाल, असं.

बाकी कागद तर रस्त्यावरच पडलेत. पेपरातल्या बारीक अक्षरातल्या जाहीर नोटिसा वाचा, महाटेंडर्सच्या, म्हणजे राज्य सरकारच्या निविदांच्या साइटवर तुमच्या तालुक्याची कामं बघा, शासन निर्णयांची साइट आठवड्यातून एकदा चाळा, पोलिसांच्या साइटवर एफआयआर टाकलेले असतात (संवेदनशील गुन्ह्यांचे सोडून). जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो, आत काय होतं ते जाऊ द्या, बाहेर बाकावर अर्ज घेऊन बसलेल्या माणसांच्या शेजारी जाऊन बसा, एका सकाळीत चार विषय मिळतील. गावाकडचे असाल तर तुम्ही लकी आहात, ग्रामसभा म्हणजे खाण आहे. वर्षातून निदान चार व्हायला पाहिजेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला परत कोरमची गरज नसते, त्यामुळे आठ-दहा माणसांत कुठले ठराव पास झाले हे ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या वहीत जाऊन बघण्यासारखं असतं.

समोरच्याची बाजू विचारून घेणं, ज्याला आपल्याकडे 'व्हर्जन घेणं' म्हणतात, ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पालिकेतले आरोग्य विभागाचे साहेब म्हणाले माहिती घेऊन सांगतो, ते तसंच छापायचं. ठेकेदाराने दोनदा फोन उचलला नाही, म्हणून मी फोनची वेळ वहीत लिहिली आणि मेसेज टाकून ठेवला. 'संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही' हे वाक्य खरंच संपर्क साधल्यावरच लिहायचं असतं, हे मी मुद्दाम सांगतोय कारण न साधता लिहिणारे मी बघितलेत. आणि रेकॉर्डिंगवर विसंबून राहू नका, मोबाइल चालू असला तरी हाताने लिहा, नावाचं स्पेलिंग समोरच विचारा. आडनाव चुकलं की आख्खी बातमी खोटी वाटते लोकांना.

आता लिहिणं. मी पहिलं वाक्य लिहिलं, 'शहरातील महिलांच्या आरोग्याचा प्रश्न दिवसेंदिवस गंभीर बनत चालला असून...' सरांनी तिथेच काट मारली, म्हणाले हे वाक्य कुठल्याही शहराच्या कुठल्याही बातमीला चिकटतं. मग असं झालं:

'मंडईजवळच्या सार्वजनिक शौचालयात महिलांसाठी मूत्रालय मोफत असल्याची पाटी आहे. मात्र तेथे येणाऱ्या महिलांकडून पाच रुपये घेतले जात आहेत. ठेकेदार पगार देत नसल्याने पैसे घ्यावे लागतात, असे तेथील महिला कर्मचाऱ्याने सांगितले. प्रत्यक्षात तिला किमान वेतन देण्याची अट पालिकेच्या करारात आहे.'

हा झाला इंट्रो. वर्गात ककार शिकवतात, कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं, ते सगळे पहिल्याच वाक्यात कोंबायला जाऊ नका, दम लागतो वाचताना. सगळ्यात अडचणीचे दोन-तीन ककार वर, बाकी खाली. आणि महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, हे नुसतं पुस्तकातलं नाही, पानावर जागा कमी पडली की डेस्कवाला, म्हणजे ऑफिसात बातम्या संपादित करणारा, शेवटचा परिच्छेद उडवतो, तो वाचत बसत नाही. माझा मोजणीचा आकडा मी शेवटी ठेवला असता तर तोच उडाला असता.

इंट्रो सुचतच नसेल तर एक जुनाट पण चालणारी युक्ती, घरी आईला किंवा रूममेटला फोन करून सांगा की आज काय कळलं. तोंडातून जे पहिलं वाक्य निघतं ते कागदावर घ्या आणि प्रमाण भाषेत करा, केलं-गेलंचं केले-गेले. कोटमध्ये, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या वाक्यात, मात्र माणूस बोलला तसंच ठेवा. 'एकच खळबळ उडाली', 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे', 'बघ्यांची एकच गर्दी', 'नागरिकांमध्ये संतापाची लाट', हे सगळं खोडा. कोणते नागरिक? किती जणांशी बोललात? तिघांशी बोलला असाल तर तिघांची वाक्यं द्या, लाट आपोआप दिसेल. पहिल्या बातम्या २५० शब्दांच्या वर नेऊ नका.

काही गोष्टी मात्र चुकायच्याच नाहीत. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख कळेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, मुलांच्या बाबतीत पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३. नुसतं नाव टाळून भागत नाही, गाव, शाळा, वडिलांचा धंदा एवढं दिलं की गावाला कळतंच. आत्महत्येच्या बातमीत पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर नको. गुन्हा दाखल झाला म्हणजे सिद्ध झाला असं नाही, त्यामुळे 'चोराला पकडलं' नाही, 'चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतले'.

ओळख कळण्याचा हा भाग मी वर्गात शिकलो होतो, पण शौचालयाच्या बातमीत लक्षातच आलं नाही. मावशी म्हणाल्या होत्या नाव टाकू नको, मी टाकलं नाही आणि स्वतःवर खूश होतो. पण मंडईजवळच्या शौचालयात कर्मचारी एकच बाई होती, मग नाव न छापून मी झाकलं काय? बातमी विभागाच्या प्रायोगिक अंकात आली, कोणीतरी त्या बातमीचा फोटो काढून ग्रुपवर फिरवला. पंधरा दिवसांनी फॉलोअपला गेलो तर पाटी नव्याने रंगवलेली, टेबल तेच, मावशी दुसऱ्या, आणि घेत होत्या पाच रुपयेच.

जुन्या मावशींचं घर टपरीवाल्याने दाखवलं. आता दोन घरी भांडी घासतात. ठेकेदाराने बातमी आली त्याच संध्याकाळी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी माफी मागितली, त्यांनी चहा केला, आणि मी वही काढून विचारलं की मावशी, हे पण लिहायचंय, या वेळी नाव टाकू का. म्हणाल्या, "टाक आता, आता काय जायचंय अजून."