पी०४२० कोड आला? कॅटकॉन बदलण्याआधी हे तपासा

चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की पी०४२० दिसतो आणि लगेच निदान होते, ‘कॅटकॉन गेला, बदलावा लागेल.’ कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा नळीतला डबा. खरे तर कोड एवढेच सांगतो की या कन्व्हर्टरचे काम ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडत आहे असे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वाटते. ते का कमी पडते, हे कोडमध्ये नसते. कॅटकॉन सहसा आपणहून मरत नाही, इंजिनातला दुसरा कुठला तरी बिघाड त्याला मारतो. तो बिघाड तसाच ठेवून नवा कॅटकॉन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. पुढची पद्धत पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे, डिझेलची यंत्रणा वेगळी असते.

कॅटकॉनच्या आत बारीक भोकांची सिरॅमिकची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर असतो, म्हणून तर हा भाग महाग. जाळी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की काम सुरू होते. त्यामुळे कॅटकॉन किती काम करतो हे थंड इंजिनावर तपासण्यात अर्थ नाही. थंड असताना पाहायची गोष्ट वेगळी. ती म्हणजे गळती.

सुरुवात तिथूनच करा. धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात, एक कॅटकॉनच्या पुढे, एक मागे. सकाळी थंड गाडी चालू करून मॅनिफोल्डपासून (इंजिनाला जोडलेली धुराची पहिली नळी) मागच्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंत कान द्या. फट्फट् आवाज येतो का, जोडाजवळ काजळीचे काळे डाग आहेत का, ते पाहा. फुटलेल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि चांगल्या कॅटकॉनवर खोटा आळ येतो. अशा वेळी पॅकिंग बदलून भागते.

मग स्कॅनर. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचे ॲप पुरते. कोड पुसण्याआधी सगळे कोड लिहून घ्या, सोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची इंजिनाची नोंद, तीही जपा. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे इंजिन मिसिंग करते आहे, सिलिंडरमधले इंधन नीट पेटत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. यांतला एकही कोड पी०४२० सोबत असेल तर आधी तो सोडवा. न जळलेले पेट्रोल कॅटकॉनमध्ये जाऊन पेटते, जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर नेमके हेच चालू आहे असे समजा आणि गाडी पुढे दामटू नका.

कोणता सिलिंडर मिस करतो हे शोधायला चालू इंजिनावर एकेका कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) कनेक्टर काढायची गॅरेजमध्ये सवय असते. त्या वेळीही कच्चे पेट्रोल थेट कॅटकॉनमध्ये जाते. त्यापेक्षा, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून कॉइलची अदलाबदल करा. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावल्यावर पी०३०३ चा पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा. झाला नाही तर प्लग आणि इंजेक्टरकडे वळा. सीएनजीच्या गाडीत प्लगकडे जास्तच लक्ष हवे, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून जातो, गॅसवर मिस करतो.

ऑइलची पातळी सारखी कमी होते का, निळसर धूर येतो का, कूलंट कुठेही न गळता घटते का, हेही बघा. ऑइल आणि कूलंटमधली रसायने जाळीवर थर धरतात आणि तो थर परत निघत नाही. बाजारात मिळणाऱ्या क्लीनरच्या बाटलीने मेलेला कॅटकॉन जिवंत होईल, ही आशा धरू नका.

आता मुख्य परीक्षा. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून चांगली तापवा आणि २५०० आरपीएमवर रेस धरून दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज पाहा. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झरझर वर-खाली व्हायला हवा, मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल आणि गळती, मिसिंग दोन्ही नसतील, तर कॅटकॉन खरेच संपला. बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे या सेन्सरऐवजी हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याचे आकडे वेगळे असतात. तिथे फक्त मागचा पाहा.

पीयूसीची पावतीही इथे साक्षीदार आहे. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला (रेस न देता इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मागच्या काही पावत्यांवरचे आकडे चढत गेले असतील तर संशय पक्का होतो.

गाडी घाटात दम टाकते, रेस दिली तरी पळत नाही, तर जाळी चोंदली असण्याची शक्यता आहे. पुढच्या सेन्सरच्या जागी प्रेशर गेज लावून २५०० आरपीएमवर दाब मोजा. ३ पीएसआयच्या वर गेला तर पुढे अडथळा आहे. थंड कॅटकॉनवर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर आतून खुळखुळ आवाज आला तर जाळी तुटली आहे.

बदलताना गाडी पूर्ण थंड होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारा. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅटकॉन मॅनिफोल्डला जोडूनच असतो, तिथे स्टड तुटायची भीती मोठी, काम अनुभवी मेकॅनिककडे द्या. पॅकिंग नवेच घाला. कॅटकॉन गाडीच्या बीएस मानकाचाच घ्या. जाळी काढून रिकामा डबा बसवा, असा सल्ला कोणी दिला तर ठाम नाही म्हणा. ते विष आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या नाकात जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे मानक मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. जुना कॅटकॉन मागून घ्या. त्यातल्या धातूंमुळे भंगारातही त्याला चांगला भाव येतो, आणि तो तुमचा आहे.

शेवटी कोड पुसा आणि काही दिवस शहरात व हायवेवर, दोन्हीकडे गाडी चालवा. स्कॅनरमध्ये कॅटॅलिस्ट मॉनिटर, म्हणजे ईसीयूची कॅटकॉन-चाचणी, ‘रेडी’ दिसेपर्यंत दिवा विझलेला असण्यावर विश्वास ठेवू नका, कारण तोवर ईसीयूने नव्या कॅटकॉनची तपासणीच केलेली नसते.