परदेशी शिकायला जायचंय? आधी मामलेदार कचेरीत जा

गोव्यातलं एखादं घर घ्या: आई भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, रोजंदारीवर जाते, वडील नाहीत, घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. अशा घरातल्या मुलाचं परदेशी शिक्षण गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतं. म्हणून आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावण्याआधी, निघायच्या निदान दीड वर्ष अगोदर, कागद काढून बसा.

पहिली गोम नावाची. आजोबांच्या नोंदीत नाईक हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर साधं के. जन्मदाखला, दहावीची मार्कशीट आणि पासपोर्ट यांत तुमचं आणि आईवडिलांचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. बाहेरचे एजंट 'अ‍ॅफिडेव्हिट करा' म्हणून मोकळे होतात. गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, नुसत्या नोटरीच्या कागदावर भागत नाही. आधी दाखला दुरुस्त करा, मग पासपोर्ट काढा. उलट केलंत तर हेलपाटे दुप्पट.

दुसरी गोम तारणाची. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे घर-जमीन मागतात, आणि मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, पोर इथेच अडकतं. घर तीन पिढ्यांचं, पण खालची जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. मुंडकार म्हणून नोंद म्हणजे मालकी नव्हे, आणि मालकी नसलेलं घर बँक गहाण धरत नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर आणि भोवतालची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेता येते. अर्ज मामलेदाराकडे करायचा. ही प्रकरणं रेंगाळतात. बारावीत असतानाच अर्ज टाकलेला बरा. दरम्यान गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्जाचीही चौकशी करून ठेवा.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात आधीच एकरकमी भरावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा ११,९०४ युरो झाला. तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. तिथे नोकरी करून फेडू, हा हिशेब व्हिसाच्या टेबलावर चालत नाही. कर्ज घेणार असाल तर ही रक्कम त्यात धरा. एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा जर्मन दाखला, आधीच काढा, त्याशिवाय भारतीय विद्यार्थ्याचा व्हिसा अर्ज पुढे सरकत नाही.

अनुसूचित जातीच्या आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे: पदवीला ६० टक्के, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत. गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. त्यांनी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना बघावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. उत्पन्नाचा दाखला जुना असला तर पुन्हा रांग.

राहिला प्रवेशअर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध. हजार शब्दांत हालअपेष्टांना दीडशेच्या वर जागा देऊ नका. 'खूप कष्ट काढले' लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो. 'नववीपासून पहाटे पेपर टाकून सातची बस पकडायचो, तरी गणितात ९१' असं लिहा. आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांना हे आकडे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांचं पत्र आणि तुमचा निबंध दोन वेगळ्या मुलांबद्दल वाटणार नाही.