ट्रेनिंगच्या जाहिरातीचं बजेट ऑर्डरकडून मागे मोजा

महिन्याचा आकडा आधी ठरवू नका. एक ऑर्डर कितीला परवडते ते काढा. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीच्या (ओतकामाचा कारखाना) सेफ्टी ट्रेनिंगच्या एका बॅचमागे तुम्हाला 15,000 रुपये सुटतात, त्यातले 5,000 जाहिरातीला. दहा चौकशांत एक ऑर्डर पक्की होत असेल, तर चौकशीमागे मर्यादा 500. वर 18 टक्के जीएसटी लागतो, तोही धरा.

पैसा गळतो तो सेटिंगमध्ये. गूगल अ‍ॅड्सवर बेळगाव निवडलं तरी पुण्यात बसून बेळगाव शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसते. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘प्रेझेन्स’ (प्रत्यक्ष त्या भागात असलेले लोक) हाच पर्याय ठेवा. ‘जॉब’, ‘फ्री’, ‘सॅलरी’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात नको ते) टाका, नाहीतर नोकरी शोधणाऱ्या पोरांचेच फोन उचलत बसाल. रोजचं बजेट 300 असताना एखाद्या दिवशी 600 गेले तर घाबरू नका, गूगल महिन्याला रोजच्या बजेटच्या 30.4 पटीपलीकडे आकारत नाही.