गावाकडच्या मेडिकल कॉलेजात अभ्यास करताना: संमतीपासून फेरतपासणीपर्यंत

सेवाग्राम असो, सावंगी असो की यवतमाळ, पेशंटवरचा अभ्यास कागदावर फारसा अडत नाही. तो अडतो दोन ठिकाणी: संमती घेताना, आणि पेशंट दुसऱ्यांदा येत नाही तेव्हा. म्हणून बाकीचं उरकून या दोन गोष्टींकडे येऊ.

आधी कागद. एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी समिती) लेखी मंजुरी मिळेपर्यंत एकाही पेशंटची नोंद करायची नाही. औषध किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआयची, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणीही पहिल्या पेशंटआधीच व्हायला हवी. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही, आणि रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) नेमके इथेच अडकतात. मंजुरी येते, वॉर्डात पेशंट दिसतो, लगेच फॉर्म भरला जातो आणि नोंदणीचा अर्ज मात्र अर्धवट पडलेला असतो.

पेशंटची संख्या काढताना एक चूक हमखास होते. समजा, एखाद्या गोष्टीचं प्रमाण 20 टक्के अपेक्षित आहे आणि 5 टक्के इकडेतिकडे चालणार आहे. 4 × 20 × 80 (100 वजा 20) भागिले 25 (5 चा वर्ग), म्हणजे 256. यातले 15 टक्के लोक सुटतील असं धरलं की बरेच जण 256 मध्ये 15 टक्के मिळवून 295 लिहितात. ते कमी पडतात. 256 ला 0.85 ने भागा, 302 येतील. 302 मधले 15 टक्के गेले तरच हातात 256 राहतात.

आता संमती. भरतीच्या वेळी पेशंट आणि नातेवाईक एकामागून एक कागदांवर सह्या करतात: भरतीचा कागद, ऑपरेशनची संमती, जनआरोग्य योजनेचे फॉर्म, फोटो. त्याच रांगेत तुमचा कागद पुढे केला तर तोही योजनेचाच समजून सही होते. अशी सही काही कामाची नाही. भरतीची धावपळ संपली, सलाइन लागलं, सोबतचा माणूस जेवून आला की मग बसा. उभ्याने बोलू नका. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी टीममधल्या दुसऱ्या कुणी समजवावं. ‘साहेबांना नाही कसं म्हणायचं’ हा दाब खरा असतो.

माहितीपत्रकात ‘यादृच्छिक वाटप’ लिहून भागत नाही. ईश्वरचिठ्ठी टाकून गट ठरेल आणि डॉक्टरलाही तो निवडता येणार नाही, असं सरळ सांगा. रक्त किती काढणार ते चमच्याने सांगा: 5 मिली म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. ‘थोडंसं’ म्हटलं की बाटलीभर काढतात अशी चर्चा संध्याकाळपर्यंत वॉर्डभर होते.

समजलं का असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी त्यांच्याकडूनच वदवून घ्या: हा अभ्यास कशाचा आहे? तुम्ही नाही म्हटलं तर काय होईल? मधेच सोडता येतं का? दुसऱ्या प्रश्नाला ‘मग इलाज बंद होईल’ असं उत्तर आलं, तर सही थांबवा आणि पहिल्यापासून सांगा. धारणी-चिखलदऱ्याकडचे कोरकू किंवा पांढरकवड्याकडचे कोलाम पेशंट बाजारापुरतं मराठी बोलतात, पण तेवढ्या मराठीत संमती होत नाही. त्यांची भाषा बोलणारा माणूस मधे हवा.

वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि तो सुरुवातीपासून तिथे बसलेला हवा. अंगठा झाल्यावर बाजूच्या खाटेवरच्या माणसाची सही घेणं म्हणजे साक्ष नव्हे. वॉर्डातली सिस्टर किंवा तुमचा सहकारी त्रयस्थ ठरत नाही. अंगठ्याला शाई पातळ लावा, कडेकडून फिरवून एकदाच टेकवा; दाबला की काळा ठिपका उमटतो, रेषा दिसत नाहीत. शेजारी नाव आणि डावा की उजवा ते लिहा. तारीख पेशंटला लिहिता येत नसेल तर साक्षीदाराने लिहावी. एक प्रत पेशंटला द्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. घडी घालून कमरेला खोचलेला कागद पावसाळ्यात टिकत नाही. 7 ते 18 वर्षांच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारायची असते: 12 पर्यंत तोंडी, पुढे लेखी. पालकांची सही वेगळी.

पत्ता घेताना घाई नको. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत असतात, शिवाय बुद्रुक आणि खुर्द. गाव, तालुका, ग्रामपंचायत आणि घराजवळची खूण लिहा. फोन नंबर दोन घ्या, आणि तो कुणाचा ते लिहा: मुलाचा, दिराचा, किराणा दुकानदाराचा. लिहून घेतल्यावर तिथेच एक मिस कॉल देऊन पाहा. बाई गरोदर असेल तर माहेरचं गावही हवंच.

फेरतपासणीच्या तारखा शेतीकडे पाहून ठरवा. जुलैत घेतलेल्या पेशंटची तीन महिन्यांची तपासणी ऑक्टोबरात येते. तेव्हा सोयाबीनची सवंगणी चालू असते आणि कापसाचा पहिला वेचा तोंडावर असतो. त्या दिवसांत मजुरी बुडवून कुणी येत नाही, आणि येऊ नये असंच वाटतं. म्हणून प्रोटोकॉलमध्येच (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) तारखेच्या अलीकडे-पलीकडे 10 दिवसांची मुभा लिहून मंजूर करून घ्या. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी देण्याची तरतूदही कमिटीकडून आधीच करून घ्या, आणि पैसे त्याच दिवशी हातात द्या. आठवडी बाजाराचा दिवस फोन करायला बरा, बोलवायला नाही: त्या दिवशी चुकारा आणि किराणा असतो.

नमुने गावातून आणणार असाल तर सीबीसीची (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीची) जांभळी ट्यूब भरल्या भरल्या 8-10 वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करा. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात, नाही हलवली तर गुठळी होते. बर्फाच्या पॅकला ट्यूब थेट चिकटू देऊ नका, मधे कागद किंवा स्पंज घाला. नंबर ट्यूबवर घाला, टोपणावर नाही.

नव्या औषधाच्या चाचणीत पेशंट दगावला किंवा त्याला भरती करावं लागलं, तर 24 तासांत कळवायचं असतं. पण माणूस तालुक्याच्या दवाखान्यात भरती होऊन घरी गेल्यावरच बातमी कॉलेजात पोचते, असंही होतं. मग कळल्याबरोबर कळवा आणि उशिराचं कारण लेखी द्या. मागची तारीख टाकू नका.

पेशंट आला नाही तर आशाताईंची मदत होते, पण त्यांच्याकडे आजाराचं नाव जाता कामा नये. सिकलसेल किंवा टीबीचं नाव गावात फुटलं की पोरीचं लग्न अडतं. फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर ‘मेडिकल कॉलेजातून बोलतोय, त्यांची तपासणीची तारीख सांगायची होती’ एवढंच बोला. कशाची तपासणी असं विचारलं, तर ‘त्यांनाच सांगतो, किती वाजता घरी असतात?’ एवढं विचारून फोन ठेवा आणि ती वेळ रजिस्टरात टिपा.