मल्टी-इफेक्ट्स पेडल वापरताना

गिटारचा आवाज बदलणारे ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा), कोरस, डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा) हे इफेक्ट आणि ट्यूनर असं सगळं एकाच पेटीत मिळतं. गाण्यागणिक पॅच (इफेक्टांची ठरवलेली मांडणी) साठवता येतो, रात्री हेडफोन लावून सराव होतो. पण पेटी बिघडली की सगळेच इफेक्ट एकदम जातात, आणि वाजवता वाजवता नॉब फिरवण्याऐवजी बऱ्याचदा मेनूत शिरावं लागतं.

आवाज बिघडतो तो बहुधा कॅब सिम्युलेशनमुळे, म्हणजे अँपच्या स्पीकर-पेटीची (कॅबची) नक्कल करणाऱ्या सोयीमुळे. पीए (कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा) किंवा हेडफोनसाठी ते चालूच हवं. गिटार अँपच्या इनपुटला जोडताना मात्र पेडलमधले अँप आणि कॅब यांची नक्कल करणारे दोन्ही ब्लॉक बंद करा. नाहीतर स्पीकरचा परिणाम दोनदा लागून आवाज घुसमटतो. अँपला इफेक्ट्स लूप (प्रीअँपनंतर इफेक्ट जोडायची सोय) आणि पेडलला सेंड-रिटर्न (सिग्नल बाहेर पाठवून परत घेणारे जॅक) असेल तर चार केबलींची जोडणी उत्तम: ओव्हरड्राइव्ह प्रीअँपच्या (अँपच्या पहिल्या टप्प्याच्या) आधी, डिले-रिव्हर्ब लूपमध्ये.

घरी हळू आवाजात बनवलेला पॅच स्टेजवर गढूळ वाटतो. कार्यक्रमाच्या आवाजात ऐकूनच १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावा, रिव्हर्ब कमी करा, सोलोच्या पॅचला ३ डेसिबल जास्त द्या.

अडॅप्टरचे ९ व्होल्ट जुळले म्हणजे झालं असं नाही. साध्या ओव्हरड्राइव्हला काही मिलीअँपिअर पुरतात, मल्टी-इफेक्ट्सला अनेकदा ५०० किंवा त्याहून जास्त लागतात. करंट कमी पडला की पेडल मधेच रीस्टार्ट होतं.