केव्हीएमच्या गेस्टला एसजीएक्स द्यायचं असेल तर असं करा

उद्यमबागेत आमचा एक सर्व्हर आहे, त्यावर केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) वापरून चार व्हीएम म्हणजे गेस्ट चालतात आणि त्यातली एक बेळगावातल्याच एका सौहार्द सोसायटीची (सहकारी पतसंस्थेची). सभासदांचे फोन नंबर, पत्ते, खात्याचे आकडे सगळं डिस्कवर एन्क्रिप्ट करून ठेवलंय, पण ते उघडायची की (किल्ली) शेवटी मेमरीत येतेच आणि होस्टचा, म्हणजे त्या मूळ सर्व्हरचा, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) माझ्याकडं, म्हणजे मनात आणलं तर मी त्या गेस्टची पूर्ण रॅम डंप करून की काढू शकतो. सभासद म्हणजे शहापूर, वडगाव, येळ्ळूरची आपलीच माणसं. त्यांनी माझ्या चांगुलपणावर का म्हणून अवलंबून राहायचं? म्हणून ती की वापरणारा छोटा प्रोग्रॅम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एसजीएक्स या सोयीच्या एन्क्लेव्हमध्ये, म्हणजे मेमरीतल्या बंद कप्प्यात, टाकला, कारण एन्क्लेव्हची मेमरी प्रोसेसर स्वतः एन्क्रिप्ट करतो आणि होस्टच्या रूटलासुद्धा ती वाचता येत नाही.

पहिल्यांदा प्रोसेसर बघा. इंटेलनं एसजीएक्स 2015 ला स्कायलेक पिढीच्या चिपबरोबर आणलं, पण घरगुती डेस्कटॉप-लॅपटॉपच्या चिपमधून 11व्या पिढीपासून काढून टाकलं, त्यामुळं "नवीन मशीन आहे म्हणजे असणारच" असं धरून पैसे घालू नका. सर्व्हरच्या झिऑन चिपमधल्या काहींत आहे, आणि 2021 च्या आइस लेक झिऑनपासून तर एका सॉकेटला 512 जीबीपर्यंत ईपीसी मिळू शकते. ईपीसी म्हणजे एन्क्लेव्हसाठी राखून ठेवलेली रॅम. आमची जुनी झिऑन ई आहे, तिच्यात 128 एमबी राखली तरी हातात साधारण 93 एमबीच येतात, बाकीची प्रोसेसरच्या स्वतःच्या हिशेबाला जाते.

मग बायोस, म्हणजे मशीन सुरू होतानाची सेटिंग. तिथं एसजीएक्सला तीन पर्याय असतात, डिसेबल्ड, सॉफ्टवेअर कंट्रोल्ड आणि एनेबल्ड. सरळ एनेबल्ड करा, पीआरएमआरआर साइज (राखायच्या रॅमचं माप) असेल तर सगळ्यात मोठी निवडा आणि लॉंच कंट्रोल (कुणाच्या सहीचा एन्क्लेव्ह चालू द्यायचा त्याचं कुलूप) अनलॉक्ड ठेवा, नाहीतर पुढं गेस्टमधलं लिनक्स अडून बसतंय. मोठ्या नव्या झिऑनवर आधी टीएमई म्हणजे पूर्ण मेमरीचं एन्क्रिप्शन चालू केल्याशिवाय एसजीएक्सचा पर्याय उघडतच नाही, तिथं बरेच जण अर्धा दिवस घालवतात.

होस्टचं लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) 5.13 किंवा पुढचं पाहिजे. एसजीएक्सचा ड्रायव्हर 5.11 ला आला पण केव्हीएमच्या गेस्टला द्यायची सोय 5.13 ला आली, दोन्ही 2021 सालचीच. कर्नल बांधताना एसजीएक्स आणि एसजीएक्स केव्हीएम हे दोन्ही पर्याय चालू असले की बूट झाल्यावर डेव्ह फोल्डरात एसजीएक्स_व्हीईपीसी नावाचं डिव्हाइस दिसतंय (इथं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर सगळं इंग्रजी स्मॉल अक्षरात मारायचं). आमच्याकडं खानापूरचा एक पोरगा काम करतोय, त्यानं पहिल्याच दिवशी हाक मारली, "दादा, एन्क्लेव्हचं डिव्हाइस हाय की, पण व्हीईपीसी दिसूलाच न्हाई!" बघितलं तर कर्नलमध्ये पहिला पर्याय चालू, दुसरा बंद. एसजीएक्स_एन्क्लेव्ह हे होस्टवरच्या प्रोग्रॅमसाठी, व्हीईपीसी हे गेस्टसाठी, दोन वेगळ्या वाटा आहेत.

आता क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर, 6.2 किंवा पुढचं. तीन गोष्टी सांगायच्या: सीपीयू होस्ट ठेवायचा, मेमरी-बॅकएंड-ईपीसी नावाचं ऑब्जेक्ट करून त्याला आयडी, साइज आणि प्रीअलॉक ऑन (जागा आधीच अडवून ठेवणं) द्यायचं, आणि मशीनच्या पर्यायात एसजीएक्स-ईपीसी.0.मेमडेव्ह ला तो आयडी जोडायचा, नव्या व्हर्जनात सोबत नोड (मेमरीच्या गटाचा नंबर) पण लिहायचा. अटेस्टेशन करणार असाल, म्हणजे बाहेरच्या माणसाला "हा खरा एन्क्लेव्ह आहे" असं सिद्ध करून दाखवायचं असेल, तर सीपीयूच्या ओळीत प्रोव्हिजनकी वेगळी मागावी लागते, आणि त्या कीवरून तुमचं मशीन ओळखता येतं म्हणून गरज असलेल्या गेस्टलाच ती द्या. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळायचं साधन) वापरत असाल तर 8.10 पासून हे एक्सएमएलमध्येच होतं, मेमरीचं मॉडेल एसजीएक्स-ईपीसी लिहून साइज आणि नोड टाकला की झालं, आणि त्याआधी लिबव्हर्टच्याच व्हर्शच्या डोमकॅपॅबिलिटीज कमांडमध्ये एसजीएक्सपुढं "येस" आलंय का ते बघून घ्या.

गेस्ट बूट झाला की आत सीपीयूइन्फोमध्ये एसजीएक्स आणि एसजीएक्स_एलसी हे दोन्ही फ्लॅग शोधा. दुसरा नसेल तर लिनक्सचा ड्रायव्हर उठणारच नाही. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ईपीसी सेक्शनची ओळ आणि पत्ते आले की काम झालं. गेस्टचं फर्मवेअर जुनं असेल तर एसजीएक्स बायोसनं बंद केलंय असं गेस्ट म्हणतोय, कारण एसजीएक्सच्या परवानगीचा रजिस्टर गेस्टच्या फर्मवेअरनं भरायचा असतो, म्हणून ते फर्मवेअर, म्हणजे सीबायोस किंवा ओव्हीएमएफ, अपडेट करा.

खरा विचार करायचा तो साइजचा. साधी रॅम आपण व्हीएमना बिनधास्त जास्त वाटतो, 32 जीबीच्या मशीनवर 40 जीबी कबूल करतो आणि चालून जातंय. ईपीसीचं तसं नाही, ती भावाभावांतल्या शेताच्या वाटणीसारखी, एकाला गेलेला तुकडा दुसऱ्याला मिळत नाही. होस्टवरच्या स्वतःच्या एन्क्लेव्हची पानं (मेमरीचे तुकडे) कर्नल मागं घेऊन बाजूला ठेवू शकतं, पण गेस्टला दिलेली पानं होस्ट परत मागून घेत नाही. म्हणून प्रीअलॉक ऑनचा आग्रह धरतोय, जागा नसेल तर व्हीएम सुरूच होणार नाही आणि तुम्हाला तिथंच कळेल, नाहीतर महिन्याअखेरीला व्याज लावायच्या दिवशी ईपीसी संपून गेस्ट मधेच पडेल. आम्ही 93 मधले 48 सोसायटीच्या व्हीएमला दिले, 24 दुसरीला आणि उरलेले होस्टला. गेस्टच्या आतलं कर्नल आपल्या वाट्यात पानांची अदलाबदल करू शकतं, त्यामुळं मोठा एन्क्लेव्हही चालतो, पण सारखी ने-आण सुरू झाली की वेग पार घसरतो. एन्क्लेव्हमध्ये अख्खा डेटाबेस कोंबू नका, फक्त की आणि कीला हात लावणारं कोड तेवढंच आत ठेवा.

आता आमच्याकडं झालेला घोटाळा सांगतो. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, यूपीएस संपत आला, होस्ट स्वतःहून बंद झाला आणि बंद होताना लिबव्हर्टनं सगळे गेस्ट शटडाऊन न करता सेव्ह करून ठेवले. सकाळी सगळं परत आलं, लॉगिन झालं, घड्याळसुद्धा बरोबर, फक्त कीचा प्रोग्रॅम मेलेला आणि काउंटरवर माणसं रांगेत. ईपीसी सेव्ह होत नाही, तिची एन्क्रिप्शन की प्रोसेसरच्या आतच असते आणि वीज गेली की संपली. लाइव्ह मायग्रेशनलाही हेच, क्यूईएमयू तुम्हाला अडवणार नाही पण पलीकडं एन्क्लेव्ह जिवंत पोचणार नाही. तेव्हा लिबव्हर्ट-गेस्ट्सच्या सेटिंगमध्ये ऑन_शटडाऊन ला शटडाऊन लिहा आणि एन्क्लेव्ह मेला तर नव्यानं उभा राहील असा प्रोग्रॅम लिहा.

मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट चुकवू नका. 2018 चा फोरशॅडो आणि 2019 चा प्लंडरव्होल्ट हे दोन्ही हल्ले थेट एसजीएक्सवरच होते, आणि मायक्रोकोड-बायोस जुनं असलं तर वरची सगळी मेहनत फुकट.

राहिलं सीलिंग. एन्क्लेव्ह जो डेटा सील म्हणजे एन्क्रिप्ट करून डिस्कवर ठेवतो त्याची की त्या एका प्रोसेसरच्या आत जाळलेल्या गुपितापासून तयार होते. प्रोसेसर बदलला की तो डेटा कायमचा बंद, बॅकअप घेतलेला असला तरी. एन्क्लेव्हच्या मोजमापाला (त्याच्या कोडच्या ठशाला) बांधून सील केलं असेल तर नुसता प्रोग्रॅम अपडेट केला तरी उघडणार नाही, म्हणून आम्ही एन्क्लेव्हवर सही करणाऱ्याच्या ओळखीला बांधलंय. आणि मूळ की दोन तुकड्यांत कागदावर छापून दोन बंद लिफाफ्यांत ठेवलीय, एक चेअरमनकडं, एक सेक्रेटरीकडं, माझ्याकडं एकही नाही.